मदत हवी आहे: डिस ट्रॅक कुठल्या क्रमाने ऐकू?

मंडळी, हिपहॉपमधली जुनी भांडणं, म्हणजे रॅपर गाण्यातून एकमेकांना धुतात ते डिस ट्रॅक, क्रमाने ऐकायचीयेत. सुरुवात ब्रिज वॉर्सपासून केली, एमसी शॅनचं 'द ब्रिज', त्यावर उत्तर म्हणून 'साउथ ब्रॉन्क्स' आणि मग १९८७ चं 'द ब्रिज इज ओव्हर', केआरएस-वनने काय धुतलंय राव! पण ते क्वीन्स विरुद्ध ब्रॉन्क्स, म्हणजे न्यूयॉर्कातल्या न्यूयॉर्कात. तिथून थेट टुपॅकने बिगीवर केलेल्या १९९६ च्या 'हिट एम अप'वर आलो तर अंगावरच आलं, टुपॅक आणि बिगी दोघंही पुढे गोळीबारात गेले हे माहीत असल्यामुळे ते नुसतं गाणं म्हणून ऐकवतच नाही.

तर मधल्या वर्षांत ईस्ट-वेस्ट (न्यूयॉर्क विरुद्ध कॅलिफोर्निया) तणाव कसा वाढला ते कळेल असे ट्रॅक सांगा ना? न्यूयॉर्कच्या टिम डॉगने १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्टनवर केलेलं ऐकलंय, त्याला वेस्टकडून आलेली उत्तरं आधी हवीयेत.