दसरा-दिवाळीचं पानांचं तोरण: पानं काळी पडतात, आकसतात. काय चुकतं?

अंगण
दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत टिकेल असं सुक्या पानांचं तोरण करायचं आहे. दार 3 फुटी. हाताशी पळस, साग, आपटा, पिंपळ आणि देशी बदाम आहे. पानं वहीत दाबली की चौथ्या दिवशी काळे डाग पडतात, उन्हात वाळवली की गोळा होतात. सुतळीला बांधायला गेलं की देठ तुटतात. पिंपळपानाची जाळीही हवी आहे, पण उकळल्यावर पानच फाटतं.

पांदण
ताई, मूळ अडचण हंगामाची आहे. थंड देशांत शरदात पानगळ होते, म्हणून तिकडच्या व्हिडिओत पानं झाडाखालून उचलून लगेच चिकटवतात. आपल्याकडे साग, पळस, पिंपळ यांची पानगळ माघ-फाल्गुनातली. आश्विनातलं पान पावसाचं पाणी पिऊन भरलेलं असतं, त्यात ऑक्टोबरच्या सुरुवातीला हवेतही दमटपणा असतो. वहीच्या गुळगुळीत कागदात ती ओल अडकते आणि डाग पडतात.

पानं सकाळी 10 नंतर तोडा, दव उतरल्यावर. कापडानं पुसा आणि जुन्या वर्तमानपत्रात एकमेकांना न चिकटता मांडा. दोन थरांमध्ये 4-5 कागद हवेत. वर पाट आणि त्यावर 8-10 किलोचं वजन. पाटा किंवा धान्याची पिशवी चालते. पहिले तीन दिवस कागद रोज बदला. इथेच बहुतेकांचा कंटाळा होतो आणि पानं हातची जातात. त्यानंतर दिवसाआड. आपटा 6-7 दिवसांत होतो, पळसाला 10 दिवस धरा. पान वाकवल्यावर थंड, ओलसर लागलं तर ते कच्चंच आहे.

ऊन टाळाच. कडा आधी वाळतात, शिरेजवळची ओल मागे राहते, म्हणून पान वळतं.

सागाचं पान तोरणाला घेऊ नका. ते मोठं, खरखरीत असतं, वाळलं की चुरा होतो. भिंतीवर मागची पाठ म्हणून छान दिसतं. लाल रंग हवा असेल तर देशी बदामाचं पिकलेलं पान घ्या, पण ते मुख्यतः हिवाळ्याच्या शेवटी मिळतं. तेव्हा दाबून डब्यात ठेवलं तर पुढच्या दसऱ्याला कामी येतं. उजेडात मात्र लाली उडते.

सागवान
पिंपळाचं मी सांगतो. जाळी करायची असन तं तांबूस कोवळं पान घेऊच नका, त्याच्या शिरा कच्च्या राहतात. गर्द हिरवं, जून पान पायजे, किड्यानं खाल्लेलं नको.

घाई नसन तं पानं पाण्यात बुडवून सावलीत ठेवा, वर दगड ठेवा. दर 4-5 दिवसांनी पाणी बदलवा लागते, नाही तं वास सुटते. 3-4 आठवड्यांत गर सडून सुटते, शिरा कडक असल्यानं राहून जातात.

घाई असन तं 1 लिटर पाण्यात 3 मोठे चमचे धुण्याचा सोडा, खाण्याचा नाही. मंद आचेवर एक ते दीड तास. खळखळ उकळी आली की पानं एकमेकांवर आपटून फाटतात, तुमचं तेच झालं असन. भांडं स्टीलचं घ्या. जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या भांड्याले सोडा खाते. हाताले मोजे घाला.

मग पान ताटात थोड्या पाण्यात पसरवा आणि मऊ टूथब्रशनं मधल्या शिरेकडून कडेकडे टिचकत जा, घासू नका. आधी उलटी बाजू, मग सुलटी. एखाद्या ठिकाणी गर सुटत नसन तं जोर लावू नका, परत 15 मिनिटं शिजवा. शेवटी साध्या पाण्यातून काढून कागदात दाबा.

वैनगंगाकाठ
तोरणाचं माप: 3 फुटी दाराला 5 फूट सुतळी, दोन्हीकडे एकेक फूट गाठीला. दाराच्या दोन्ही कडा सोडून दर दोन इंचाला एक पान धरलं तर 17 पानं लागतात. दाबताना तुटतात, म्हणून 25 तयार ठेवा.

देठ तुटतो तो कोरडा दुमडल्यामुळे. फक्त देठ 10 मिनिटं कोमट पाण्यात धरा, सुतळीवरून दुमडा आणि दोऱ्याचे तीन वेढे द्या. पळसाचं त्रिदल अख्खं ठेवू नका, सुकल्यावर बाजूची पानं गळतात. मधलं मोठं पान तेवढं घ्या.

बांधण्याआधी फेव्हिकॉल आणि पाणी निम्मंनिम्मं करून दोन्ही बाजूंना पातळ हात फिरवा. पान लवचीक राहतं, किडाही कमी लागतो. मैद्याची खळ नको, तिच्यावर झुरळं येतात.

सुकं पान भुर्रकन पेटतं. पणती तोरणाखाली नको, बाजूला निदान दोन फुटांवर ठेवा.

अंगण
ग्लिसरीननं पानं मऊ राहतात असं ऐकलं. तोरणाला चालेल का?

पांदण
चालेल. 1 भाग ग्लिसरीन, 2 भाग गरम पाणी. पानं त्यात 3-5 दिवस ताटलीनं दाबून बुडवायची, मग पुसून सावलीत वाळवायची. हिरवा रंग जाऊन तांबूस-तपकिरी होतो. आपट्याला फार शोभून दिसतो. प्रमाण वाढवू नका, ओल्या हवेत पान चिकट होऊन पाझरतं. आणि अशा पानाला फेव्हिकॉल धरत नाही, तेव्हा दोन्हींपैकी एकच करा.