विषय हातात, घड्याळ डोक्यावर : फोटो मॅरेथॉनचे तुमचे अनुभव लिहा

माळव्याची_लेक
काल भाच्याने बर्लिनहून फोटो पाठवला. छातीवर नंबर, गळ्यात कॅमेरा. मी विचारलं, धावायला कधीपासून लागलास रे? तर म्हणे, "मावशी, फोटो मॅरेथॉन आहे. विषय देतात, ठरलेल्या वेळात, ठरलेल्या क्रमाने, एका विषयाला एकच फोटो. तुला नाही कळणार." मला नाही कळणार! अरे, तुझी आई शाळेत होती तेव्हा आम्ही हे इंदुरात रोलवर केलंय.

कॉलेजात होते. एका हौशी कॅमेरा क्लबने ठेवलं होतं. दादाचा अगफा क्लिक थ्री घेऊन गेले. 120 चा रोल, त्यात 12 फोटो. पहिला फोटो स्वतःच्या नंबराच्या चिठ्ठीचा, म्हणजे रोल कोणाचा ते नंतर कळावं. उरले 11 आणि विषयही 11. एक वाया गेला की गेला. कॅमेऱ्याच्या मागे लाल काचेची खिडकी असायची, खटका फिरवत त्यात आकडा सरकताना बघायचा, जास्त फिरला तर संपलं. मी रस्त्यात उभी राहून श्वास रोखून फिरवायची.

तिसरा विषय होता "पाऊस". ऊन कडक! क्रम मोडायचा नाही, म्हणजे पाऊस काढल्याशिवाय चौथा काढता येईना. आकाशाकडे बघत बसलेले बरेच होते. मारोठिया बाजारात एक छत्र्या दुरुस्त करणारा दिसला, भोवती उघड्या छत्र्यांचे सांगाडे, कापड नसलेल्या काड्या. काढला तोच. "शिळं" या विषयाला सगळे पाव नाहीतर कोमेजलेली फुलं शोधत होते. मी कचोरीचा कागद काढला, त्याच दिवसाचा पेपर होता, पहिल्या पानावरच्या मोठ्या बातमीवर तेलाचा डाग.

नंबर नाही आला माझा. पण राजवाडा रोज बघूनही मी कधी बघितलाच नव्हता, ते त्या दिवशी समजलं. खालचे तीन मजले दगडाचे आणि वरचे लाकडाचे, हे मान वर केल्याशिवाय कोणाला दिसतं?

तुमचे अनुभव लिहा. रोल असो, मोबाईल असो. हरलेले चालतील, जिंकलेल्यांनी आखडतं घ्यावं.

रामबागवाला
मॅडम, आमच्या वेळी विषय होता "कचरा".
इंदुरात.
2017 नंतर, म्हणजे शहर स्वच्छतेत देशात पहिलं आल्यावर.
भिया, दोन तास गल्ल्या पालथ्या घातल्या. शेवटी कचऱ्याच्या गाडीमागे धावलो, तिचे ओल्या-सुक्याचे वेगळे कप्पे असतात ना, ते काढले. गाडीवाला म्हणतो, "भैया, शिकायत करना है क्या?"

जिरावण
रामबागवाला 😂😂 आमच्याकडे पाठव पुढच्या वेळी, मी पुण्यात राहते, विषय संपायचा नाही.

सूरसागर
माळव्याची लेक ताई, तो क्लिक थ्री आमच्या बडोद्यात बनायचा बरं का! न्यू इंडिया इंडस्ट्रीजचा कारखाना. आमच्या वाड्यात एक काका तिथे कामाला होते, दर दिवाळीला सगळ्या पोरांना ओळीत उभं करून फोटो काढायचे, रोल मात्र आमच्या वडिलांनी आणायचा.

अनुभव म्हणाल तर आमचाही आहे. दांडिया बाजार ते मांडवी एवढ्यातच काढायचे, बाहेर गेलात तर बाद. विषय "वाट बघणं". मी शेवउसळच्या गाडीपाशी उभा राहिलो. पाव संपला होता, मुलगा पाव आणायला सायकलवर गेलेला आणि बारा-पंधरा माणसं ताटल्या हातात धरून सगळी एकाच दिशेला बघतायत. अजून काय पाहिजे?

जिरावण
शेवउसळ. झालं. आता झोप येणार नाही.

लष्करकर
ग्वाल्हेर हजर. आमच्याकडे विषय होता "नातं". 40 पैकी निदान 30 जणांनी किल्ल्यावरचं सासबहूचं मंदिर काढलं 😄 परीक्षक वैतागले.
"निळा" मात्र मला जमला. किल्ल्यातल्या मानमंदिर महालाच्या भिंतीवर निळ्या फरशांमध्ये पिवळ्या बदकांची रांग आहे, लांबून नक्षी वाटते. मी तिच्याखाली शाळेच्या सहलीची रांग उभी केली. मास्तर चिडले होते पण पोरं खूश.

खटपट्या
उभी केलीत म्हणजे नियमात बसतं का? आमच्याकडे "मांडून काढलेला फोटो चालणार नाही" असं होतं.

लष्करकर
पोरं उभीच होती हो, मी फक्त दोन पावलं डावीकडे या म्हटलं.

खटपट्या
म्हणजे मांडलीत.

लष्करकर
बरं साहेब.

थंडीतली_वेलची
कार्डिफला राहते. इथेही असते, 12 तासांत 12 विषय, नाहीतर 6 तासांत 6. कोपनहेगनलाही असंच असतं. सगळे विषय एकदम देत नाहीत, मधल्या ठिकाणांवर जाऊन पुढचे घ्यायचे. त्यामुळे शहाणपणा चालत नाही की आधीच सगळं ठरवून टाकू. डिजिटल असलं तरी कार्डवर फोटो विषयाच्या क्रमानेच हवेत. नको ते उडवायचं, पण मागे जाऊन नव्याने काढायचं नाही. एडिटिंग बंद.
मला सर्वात आवडतं ते म्हणजे प्रदर्शनात एकेकाची सगळी पट्टी लागते, सुटा फोटो नाही. नववा विषय येईस्तोवर माणूस थकलेला दिसतो फोटोत. फ्रेम वाकडी, विषय ओढूनताणून, कोणाच्या तरी बुटांचा फोटो. लेकाला पहिल्यांदा नेलं तर सगळ्या 6 विषयांना त्याने कुत्रे काढले. "शांतता" ला झोपलेला कुत्रा, "वेग" ला धावणारा. आणि लोकांना तेच आवडलं!
ताई, छत्रीवाला भारीच. रोल आहे का अजून?

माळव्याची_लेक
निगेटिव्ह आहेत पाकिटात. छत्रीवाल्याची जरा पांढरी पडलीये.

बापू_इंदूरकर
नमस्कार. मी फारसं लिहीत नाही. इंदूर आणि फोटो म्हटलं की दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. लाला दीनदयाळ हे इंदुरात सरकारी बांधकाम खात्यात नकाशे-अंदाजपत्रकाचं काम करायचे आणि कॅमेरा हाती धरला तो इथेच, 1874 च्या सुमारास. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी त्यांना हात दिला. पुढे हैदराबादला निजामाकडे गेले, राजा दीनदयाळ झाले. दुसरं म्हणजे इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) आणि संयोगिताराणी, यांचे फोटो युरोपात मॅन रे या अमेरिकन फोटोग्राफरने काढले आहेत. माणिकबाग राजवाडा बांधणारे तेच यशवंतराव.
दीनदयाळांच्या काळात काचेची जड प्लेट आणि तिपाई घेऊन निघावं लागे. त्यांना कोणी 12 तासांत 12 विषय दिले असते तर सामान मांडण्यातच दिवस गेला असता.

खटपट्या
बापू, छान माहिती. तुम्ही कोणत्या कॅमेऱ्याने सुरुवात केलीत?

बापू_इंदूरकर
उसन्या. मित्राचा झेनिट, रशियन, विटेएवढा जड. रोल उटीचा इंदू, ब्लॅक अँड व्हाइट. कलर परवडायचा नाही आणि धुवायलाही बाहेर पाठवावा लागायचा.

शेवपुराण
मी भाग घेत नाही, माझे मिस्टर घेतात. मी "सोबत" असते. म्हणजे पाण्याची बाटली, बॅग आणि "जरा तिथे उभी राहा ना". गेल्या खेपेला विषय "वाफ". पहाटे उठवलं मला, पोह्यांसाठी! आपल्याकडे पोहे मोठ्या पातेल्यावर वाफेवरच ठेवलेले असतात ना दुकानात, ती वाफ मागून उजेड आला की चांगली दिसते म्हणे. उजेड येईपर्यंत पोहेवाल्याने तीन घाणे विकले. हे एकच फोटो काढायचा म्हणून बोट ठेवून उभे. मी दोन प्लेट खाल्ल्या, शेव आणि जिरावण मसाला डबल. फोटोत वाफ आहे, पोहेवाल्याचा हात आहे आणि कोपऱ्यात माझी कोपर. तो फोटो आता हॉलमध्ये लावलाय. येणाऱ्या-जाणाऱ्याला हे सांगतात, "ही माझी बायको."

जिरावण
माझी कोणी आठवण काढली का 🙋‍♀️ आणि ताई, पोहे कुठले ते सांगा, मेन मुद्दा तो आहे.

शेवपुराण
नाव नाही सांगणार, इथे भांडणं होतील.

रामबागवाला
होणारच. छप्पन दुकानचे म्हणाल तर मी धागा सोडून जाईन.

अनामिका_७
आमच्या कॉलेजच्या स्पर्धेत निकाल लागला तेव्हा पहिला आलेला फोटो ठरलेल्या वेळेनंतरचा होता. फाईलवर वेळ दिसत होती. संयोजकांना दाखवलं तर म्हणे, कॅमेऱ्याचं घड्याळ चुकीचं असेल. हो का? मग सुरुवातीला सगळ्यांना घड्याळ लावायला कशाला सांगितलं? तेव्हापासून मी सरळ इंदूरच्या रंगपंचमीच्या गेरचे, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीचे, फोटो काढते, तिथे निकालच नाही. कॅमेऱ्याला दुधाची पिशवी, लेन्सपुरतं भोक आणि रबर. टोरी कॉर्नरला उभं राहिलं की पाण्याच्या तोफा आणि गुलाल, दहा मिनिटांत समोरचं काही दिसत नाही. दिसत नाही तरी दाबत राहायचं.

थंडीतली_वेलची
अनामिका, खूप राग आला असेल ना. इथे आपल्या नंबरासकट घड्याळाचाच फोटो पहिला काढायला लावतात कधी कधी, मग वादच नको.

खटपट्या
दुधाची पिशवी पांढरी असते, रंग बदलत नाही का?

अनामिका_७
लेन्सपुरतं भोक लिहिलंय दादा.

माळव्याची_लेक
अनामिका, तुझी बाजू खरी आहे. मला वाटतं या स्पर्धेत कॅमेऱ्यापेक्षा पाय आणि ओळखी लागतात. कोणता दुकानदार हाकलणार नाही, कोणत्या गल्लीत चार वाजता ऊन येतं, कृष्णपुऱ्याच्या छत्रीवर (होळकरांच्या समाधीवर) कबुतरं कधी उडतात. हे सगळं भाच्याला बर्लिनला कोण सांगणार? म्हणून विचारलं तर म्हणे, मी पण दुकानदारांशी गप्पा मारतो, मावशी. कोणत्या भाषेत, विचारलं. म्हणे, खाऊन.

लष्करकर
इंदूरच्या सराफ्यात हाच नियम. रात्री दागिन्यांची दुकानं बंद होतात, ओट्यांवर गाड्या लागतात आणि भुट्ट्याचा कीसवाला म्हणतो, "पहले खाओ, फिर फोटो लो." ग्वाल्हेरहून आलो होतो, पोट भरलेलं होतं, तरी खाल्ला. त्या दिवशीचे पुढचे विषय जड गेले.

रामबागवाला
चला मग, एक रविवार ठरवू? राजवाड्यापासून. विषय 6, तास 3, मोबाईल चालेल. विषय बापू देतील.

बापू_इंदूरकर
देईन. "सूर्यास्त" आणि "म्हातारा माणूस" हे दोन मागू नका.

शेवपुराण
"बायको" पण नको.

जिरावण
मी पुण्याहून येते. स्टेशनवर कोणीतरी या. फोटो काढणार नाही, आधीच सांगते. तळलेले गराडू असतील ना तेव्हा?

माळव्याची_लेक
गराडू थंडीत. डिसेंबर ठरवा. आणि रामबागवाला, एवढ्या सगळ्यांना घ्यायला येणारा ऑटो तूच बघ.