गावात राहून जपानी सुरी?

ताई, साठच्या वर कडकपणाची जपानी सुरी घ्यावी का असं तुम्ही विचारलंय आणि वर दोघांनी ‘डोळे झाकून घ्या’ म्हटलंय. मी तरी नाही म्हणेन. रॉकवेल या कडकपणाच्या मापावर ६० च्या पुढचं पोलाद धार जास्त दिवस टिकवतं हे खरं, पण ते ठिसूळही असतं. आपल्याकडे कोहळं फोडायचं, सुक्या खोबऱ्याची वाटी कापायची. तिथं धारेचे कपचे उडतात. ५६ ते ५८ ची जर्मन धाटणीची सुरी लवकर बोथट होते, पण दगडावर चार हात मारले की परत कामाला लागते. हाडं मात्र कुठल्याच सुरीनं तोडू नका, त्याला कोयता आहे.

अन् गावात धार लावणार कोण? सायकलवरचा धारवाला ठिणग्या उडवत चाक फिरवतो, त्यात पातळ पातं तापलं की पोलादाचं पाणी उतरतं, म्हणजे कडकपणा जातो. त्यापेक्षा १००० ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांचा बारीकपणा) दगड घ्या आणि पातं दगडाशी १५ ते २० अंशांत धरून दोन्ही बाजूंनी स्वतः घासा.

बाजारातल्या लोहाराची गाडीच्या कमानपाट्याची सुरी मला तर फार आवडते. स्वस्त, आणि धार झकास घेते. फक्त लिंबू, चिंच, अंबाडीनं काळी पडते, म्हणून लगेच पुसून तेलाचा हात फिरवायचा. तेवढा कंटाळा असेल तर स्टेनलेसच बरी.

पातं ८ इंच पुरे. नागपूर-अमरावतीला जाणं झालं तर भांड्यांच्या दुकानात मूठ हातात धरून बघा, फोटोवरून ते कळत नाही.