चौघी मैत्रिणी न्यू यॉर्कला निघालोय, जेट लॅगसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चौघी मैत्रिणी सांगलीहून अमेरिकेला निघतोय. विलिंग्डन कॉलेजला असताना एका बाकावर बसायचो, आता सगळ्या साठीच्या आसपास. ही सहल सहा वर्षं नुसती ठरतेच आहे. कधी कुणाच्या सासूबाईंचं आजारपण, कधी मुलीचं बाळंतपण, आणि मग आमच्यातल्या एकीचे यजमान गेले. तिला घराबाहेर काढायला आम्हाला दीड वर्ष लागलं. म्हणून हे दहा दिवस नीट पार पडावेत असं फार वाटतंय.

मुंबईहून रात्री दीडचं थेट विमान आहे. पावणेसोळा तासांनी, सकाळी पावणेआठला न्यू यॉर्क. उन्हाळ्यात ते आपल्या साडेनऊ तास मागे असतात, म्हणजे उतरताना आमच्या शरीराला संध्याकाळचे सव्वापाच वाजलेले असणार, आणि तिथे दुपारचे अडीच होतील तेव्हा सांगलीत मध्यरात्र.

धास्ती अनुभवातून आलीये. २०२२ मध्ये आम्ही दोघी टोरांटोला लग्नाला गेलो होतो, वेळेचा फरक एवढाच. पहिल्या दुपारी ‘पाच मिनिटं पाठ टेकते’ म्हणून आडव्या झालो त्या रात्री नऊला उठलो. मग अडीच वाजता टक्क जाग आणि कडकडून भूक. ज्यांच्याकडे उतरलो होतो ते घर झोपलेलं. मैत्रिणीने दशमीचा स्टीलचा डबा ओढणीत गुंडाळून झाकण उघडलं, आवाज होऊ नये म्हणून, आणि आम्ही न्हाणीघरात टबाच्या काठावर बसून दशमी-चटणी खाल्ली. तेव्हा गंमत वाटली. पण चौथ्या रात्री खोलीतल्या दिव्यावरून आमची अशी वाजली की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही बोललो नाही. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. तिला दिवा लावून वाचायचं होतं, मला नुकता डोळा लागला होता. दोघींचंही चुकलं नव्हतं.

आता तर चौघी आहोत. दोघी पहाटे पाचला उठणाऱ्या (आमच्या भागात नळाला पाणीच तेव्हा येतं), दोघी रात्री बारापर्यंत जागणाऱ्या. हॉटेलची एकच मोठी खोली घेतलीये. उतरल्याबरोबर गाडी भाड्याने घेऊन त्याच दिवशी नायगाऱ्याकडे निघायचा बेत आहे, गाडी चालवणारी मी. एकीला मधुमेह आहे, दोन वेळा इन्सुलिन घेते. एका नातेवाइकांनी विमानात घ्यायला झोपेच्या गोळ्या देऊ केल्यात.

विमानात कधी झोपायचं? निघण्याआधी सांगलीतच काही करता येईल का? आणि चौघींनी एकाच वेळी झोपायचा आग्रह धरायचा की नाही? अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद

ताई, न्यू जर्सीत एडिसनला राहतो, दरवर्षी ये-जा असते. आधी सगळ्यात महत्त्वाचं: उतरल्या दिवशी गाडी चालवू नका. न्यू यॉर्क ते नायगारा साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास आहे, न थांबता सात तास. तुम्हाला दुपारी अडीचला महामार्गावर मध्यरात्रीची पेंग येणार, त्यात उजव्या बाजूने चालवायची सवय नाही. दोन रात्री न्यू यॉर्कमध्ये काढा, मग आगगाडीने जा. अ‍ॅमट्रॅक या इथल्या रेल्वे कंपनीची ‘मेपल लीफ’ सकाळी सातच्या सुमारास निघते, नऊएक तास घेते. पहिले दोन-अडीच तास हडसन नदीच्या काठाने जाते, जाताना डाव्या खिडक्या धरा. त्या दिवसांत पहाटे चारला जाग येणारच असते, ती अशी सत्कारणी लागेल.

पश्चिमेला जाणं तुलनेने सोपं, कारण बहुतेकांचं शरीराचं घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब असतं, त्याला उशिरा झोपणं जमतं. म्हणून निघण्याआधी तीन-चार दिवस रोज तासभर उशिरा झोपा आणि उशिरा उठा. पाण्याचं काम तेवढे दिवस घरातल्या दुसऱ्या कुणाला सांगा.

विमान सुटल्यावर सहा तासांनी न्यू यॉर्कमध्ये रात्रीचे दहा वाजतात. खरी झोप तिथून पुढे घ्यायची, डोळ्यांवर पट्टी बांधून. पण तुम्ही आदला सगळा दिवस सांगली-मुंबई प्रवासात दमलेल्या असणार, तेव्हा सुरुवातीला डोळा लागला तर लागू द्या.

उतरल्यावर दुपारी खोलीत जाऊ नका, हे मात्र कडक पाळा. सेंट्रल पार्कमध्ये जा, उघड्यावर बसा, चाला. दुपार ते संध्याकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की घड्याळ मागे सरकायला मदत होते. अगदीच राहवलं नाही तर गजर लावून वीस मिनिटं. चहा-कॉफी दुपारी दोननंतर नको. जूनमध्ये सूर्य साडेआठला मावळतो, नऊपर्यंत तग धरलात की जिंकलात.

एक खोली रद्द करा, दोन घ्या. पहाटे उठणाऱ्या दोघी एकीत, जागणाऱ्या दुसरीत. एकत्र झोपायचा आग्रह अजिबात नको, एकत्र जेवायची वेळ मात्र ठरवा. रात्री जाग आली तर मोबाइल नाही, मोठा दिवा नाही, मिणमिणता छोटा दिवा सोबत आणा. दशमीचा डबा जरूर ठेवा, फक्त प्लॅस्टिकचा आणा.

परतीचा प्रवास जास्त छळतो. मुंबईत उतरल्यावर पहिले दोन-तीन दिवस सकाळच्या उन्हात फिरायला जाऊ नका. तुमच्या शरीराची ती अजून रात्र असते, त्या उन्हाने घड्याळ उलट दिशेला सरकू शकतं. सकाळी गॉगल, दुपारनंतर ऊन.

प्रतिसाद

डॉक्टर आहे, म्हणून दोन गोष्टी सांगते. पश्चिमेला जाताना तुमचा तो दिवस साडेनऊ तासांनी लांबतो, त्यामुळे इन्सुलिनच्या वेळा आणि मात्रा मैत्रिणीने आपल्या डॉक्टरांकडून तासावार लिहूनच घ्याव्यात, अंदाजाने काही करू नये. इन्सुलिन हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इन सामानात गोठून खराब होऊ शकतं. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी आणि खायला काही हवंच.

दुसऱ्याच्या झोपेच्या गोळ्या विमानात घेऊ नका. माणूस तासन्‌तास न हलता पडून राहतो, पायात गुठळी होण्याचा धोका वाढतो, आणि या वयात उठल्यावर भ्रमिष्टासारखं होऊ शकतं. मेलाटोनिनचा (झोपेच्या वेळेशी संबंधित संप्रेरक, गोळी मिळते) उपयोग बऱ्याच जणांना होतो, मुक्कामी पोचल्यावर झोपायच्या वेळी, अर्धा ते तीन मिलिग्रॅम. पण रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी विचारा. जाग्या असताना दर तासा-दीड तासाने उठून दोन फेऱ्या मारा, पाणी पीत राहा.

मूळ लेखिका

दोघांचे मनापासून आभार. गाडी आज रद्द केली, आगगाडीची तिकिटं बघतेय. दोन खोल्यांचं मैत्रिणींना फोनवर सांगितलं. ज्या मैत्रिणीसाठी हा सगळा घाट घातलाय ती थोडा वेळ गप्प झाली आणि म्हणाली, “दोन खोल्या घ्या, पण मला एकटीला जाग आली तर दार वाजवू ना?” तिला म्हटलं, कितीही वाजता वाजव. टोरांटोला माझ्याशी भांडलेली तीच.

दादा, एक राहिलं. त्या आगगाडीत चार जागा जवळजवळ मिळतात का, की आधी जाऊन रांगेत उभं राहावं लागतं?