अनुभव धागा: ब्रायन क्रॅन्स्टन आणि अमेरिकी नटाच्या कारकिर्दीचं आतलं गणित

सांजवात:
‘ब्रेकिंग बॅड’ ही अमेरिकी मालिका पाहिलेल्या माणसाचा ठरलेला प्रश्न असतो: हा नट, ब्रायन क्रॅन्स्टन, इतकी वर्षं होता कुठे? जन्म १९५६चा, मालिकेचा पहिला भाग जानेवारी २००८चा. म्हणजे तिचा नायक वॉल्टर व्हाइट हाती आला तेव्हा पन्नाशी उलटलेली. मधली पंचवीस वर्षं तो काही रिकामा बसला नव्हता. कास्टिंग, करार, युनियन, सेट यातलं ज्यांना आतून ठाऊक आहे त्यांनी लिहा. ‘एकदा विमानतळावर दिसला होता’ छापाचं नको. रीत सांगा, आकडे सांगा, आणि माती कुठे खाल्ली जाते तेही.

अप्पा खिडकीतले:
जाहिरातींपासून धरा, घरभाडं तिथूनच निघतं. क्रॅन्स्टनने मूळव्याधीच्या मलमाचीसुद्धा जाहिरात केली आहे, आणि त्यात खाली मान घालण्यासारखं काही नाही. नटांच्या युनियनच्या करारात चित्रीकरणाच्या दिवसाचे पैसे वेगळे, जाहिरात वापरण्याचे वेगळे. वापर १३-१३ आठवड्यांच्या फेऱ्यांत मोजतात. दर फेरीला ‘होल्डिंग फी’ येते, एका दिवसाच्या मानधनाएवढी. बदल्यात त्याच प्रकारच्या दुसऱ्या मालाची जाहिरात करायची नाही. एका मलमाचे झालात की बाकीची मलमं बंद! एकूण मुदत जास्तीत जास्त २१ महिने. लोक हमखास फसतात ते शेवटी. मुदत संपायच्या आधी १२० ते ६० दिवसांच्या मध्ये लेखी कळवलं नाही, तर करार आपोआप पुढे सरकतो. जाहिरात घरोघरी पोचलेली, आणि नट जुन्याच दरावर. तारखेवर लक्ष ठेवणं एजंटचं काम, १० टक्के त्याचेच घेतो तो. पण त्याच्याकडे असे ढीगभर नट असतात. वही स्वतःची ठेवावी.

पडद्यामागे:
अप्पांच्या पुढची पायरी पाहुण्या भूमिकांची. ‘साइनफेल्ड’ या विनोदी मालिकेतला दंतवैद्य टिम व्हॉटली लोकांच्या डोक्यात पक्का बसलाय, पण तो येतो मोजून ५ भागांत, तेही १९९४ ते १९९७ असे विखुरलेले. या कामात ‘टॉप ऑफ शो’ हा शब्द सतत कानावर पडतो, म्हणजे ठळक पाहुण्याचं ठरलेलं मानधन. अर्ध्या तासाच्या मालिकेत ५ दिवसांची हमी, तासाभराच्या मालिकेत ८. पैशांवर घासाघीस फारशी होत नाही. होते ती श्रेयनामावलीवर: नाव सुरुवातीला की शेवटी, पाटी स्वतंत्र की चौघांत मिळून. नवखे इथे ‘चालेल हो’ म्हणून मोकळे होतात. पुढच्या कास्टिंगवाल्याला मात्र पाटीच दाखवायची असते.

आणि आता खरी गोष्ट. १९९८मध्ये ‘द एक्स-फाइल्स’ मालिकेचा ‘ड्राइव्ह’ हा भाग आला, लेखक व्हिन्स गिलिगन, ज्याने पुढे ‘ब्रेकिंग बॅड’ रचली. त्यातला माणूस कडवट, ज्यूद्वेष्टा, शेजारी नको असा. तरी शेवटाकडे प्रेक्षकाचा जीव त्याच्यासाठी तुटायला हवा, नाहीतर भागच फसतो. क्रॅन्स्टनने ते साधलं. पुढे ‘माल्कम’ या विनोदी मालिकेतला चड्डीतला बाप रसायनशास्त्राचा मास्तर वॉल्टर म्हणून एएमसी वाहिनीच्या मंडळींच्या गळी उतरेना, तेव्हा गिलिगनने हाच भाग काढून त्यांना दाखवला. शोरीलमध्ये, म्हणजे नटाच्या कामाच्या नमुना-फितीत, लोक रडारड आणि आरडाओरडा ठासून भरतात. नावडता माणूस पाहवत राहतो असं एक दृश्य त्यात असलं तर बाकीचं निम्मं काढून टाकलं तरी चालतं.

रंगपट:
‘चड्डीतला बाप’ एवढ्यावर सोडू नका हो! ‘माल्कम इन द मिडल’च्या (२०००-२००६, १५१ भाग) पायलटमध्ये, म्हणजे पहिल्या नमुना भागात, हॅलला (तोच तो बाप) वाक्यं अगदी थोडी होती. जेन काझ्मारेकची लॉइस, त्याची बायको, मात्र पानावरच उभी. क्रॅन्स्टनने लॉइसचे गुण घेतले आणि एकेकाच्या उलट हॅल रचला. ती कशाला भीत नाही, हा सगळ्याला भितो. तिचं लक्ष घरभर, हा आपल्याच तंद्रीत. कागदावर बारीक असलेल्या भूमिकेला हा तोडगा लागू पडतो. फक्त निवडलेला गुण समोरच्याला खेळायला काहीतरी देणारा हवा. हॅल घाबरला की लॉइसला चिडायला जागा मिळते. तो नुसता विक्षिप्त असता तर तिने करायचं काय?

वॉल्टरला त्याने उलट वजाबाकी लावली. केसांतला रंग काढला, मिशी ठेवली ती असून नसल्यासारखी, कपडे भिंतीत विरघळतील असे फिके, पोटाला थोडी ढेरी. पांढरी चड्डी मात्र हॅलचीच राहिली. तिथे हसू यायचं, इथे कीव येते.

करारपंडित:
पुस्ती जोडतो. मोठ्या मालिकेत शेवटच्या चाचणीला आत जायच्या आधी अख्खा करार सही करून द्यावा लागतो. भूमिका मिळालेली नसते, आणि पुढच्या सहा-सात वर्षांचा आकडा ठरून गेलेला असतो. कारण सरळ आहे, निवड झाल्यावर नट अडवून धरेल. दरवर्षी पुढे चालू ठेवायचं की नाही हा हक्क स्टुडिओचा, नटाचा नाही. सातची मर्यादा कॅलिफोर्नियाच्या कायद्याची. नटी ऑलिव्हिया डी हॅव्हिलंडने १९४४मध्ये वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओविरुद्ध खटला जिंकला, तेव्हापासून ती सात कॅलेंडर वर्षं अशीच मोजतात. म्हणून मालिका बंद पडणं ही दरवेळी वाईट बातमी नसते. ‘माल्कम’चा आठवा सीझन निघाला असता तर क्रॅन्स्टन ‘ब्रेकिंग बॅड’च्या पायलटला मोकळा नसता.

सांजवात:
करारपंडित, आजच्या पोरांसाठी सेल्फ-टेपचं, म्हणजे घरीच चित्रित करून पाठवायच्या चाचणीचं, कुणी सांगेल का?

अप्पा खिडकीतले:
२०२३चा नटांचा संप ११८ दिवस चालला, त्यानंतरच्या करारात लिहून आलंय: पहिल्या फेरीला जास्तीत जास्त ८ पानं, आणि पाठवायला निदान ४८ तास. शनिवार-रविवार त्यात धरत नाहीत. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, समोरची वाक्यं वाचणारा लेन्सला अगदी चिकटून, आणि त्याचा आवाज तुमच्यापेक्षा खाली. निम्म्या टेप तिथेच मरतात, वाचणारा माइकजवळ बसलेला असतो म्हणून.

कात्रीवाला:
दिग्दर्शनाचं राहिलं. क्रॅन्स्टनने ‘ब्रेकिंग बॅड’चे तीन भाग दिग्दर्शित केले: २००९, २०१० आणि २०१३. तिन्ही कुठले ते पाहा. दुसऱ्या सीझनचा पहिला, तिसऱ्याचा पहिला, आणि पाचव्याच्या उत्तरार्धाचा पहिला. हा मानपान नव्हे. दिग्दर्शकाला चित्रीकरणाआधी आठवडाभर जागा पाहणं, कलाकार निवडणं, विभागांशी बैठका हे सगळं लागतं. जो नट जवळपास प्रत्येक दृश्यात आहे त्याला मधल्या भागासाठी हा आठवडा मिळणार कुठून? चित्रीकरण सुरू व्हायच्या आधीच काय ती सवड.

एमी या टीव्हीच्या पुरस्काराचंही हिशेबानेच असतं. त्या काळी नट वर्षाचा एकच भाग परीक्षकांकडे पाठवायचा. २००८ला पायलट, २००९ला ‘फिनिक्स’, २०१०ला ‘फुल मेझर’, तिन्ही वेळा जिंकला. २०११ला मालिका उशिरा आल्याने पात्रच नव्हती. २०१४ला ‘ओझिमँडियस’वर चौथी एमी. आणि २०१२ला पाठवला होता ‘क्रॉल स्पेस’, घराखालच्या त्या मातीत पडून रडता रडता हसायला लागतो तो. त्या वर्षी डेमियन लुइस जिंकला.