जुनी गाणी की स्वतःच्या रचना? थेलोनियस मंकच्या निमित्ताने

काळी पाच (धागालेखक)

मी पुण्यात तिघांच्या जॅझ ट्रायोमध्ये पियानो वाजवतो. गेल्या महिन्यात कार्यक्रमानंतर एका श्रोत्याने विचारले की, तुम्ही स्वतः रचना करता, मग निम्मा वेळ नव्वद वर्षांपूर्वीच्या अमेरिकी नाटक-सिनेमांतील गाण्यांवर का घालवता? तेव्हा दिलेले उत्तर मलाच लंगडे वाटले, म्हणून येथे नीट मांडतो.

माझ्यापुढे उदाहरण आहे ते अमेरिकी जॅझ पियानोवादक आणि रचनाकार थेलोनियस मंक याचे. 1947 पासून ब्लू नोट या तबकडी कंपनीसाठी त्याने बहुतांशी स्वतःच्या रचना ध्वनिमुद्रित केल्या. परंतु ‘अवघड माणूस’ असा शिक्का बसला आणि तबकड्या फारशा खपल्या नाहीत. 1955 मध्ये रिव्हरसाइड कंपनीने त्याच्या आधीच्या प्रेस्टिज कंपनीचे 108 डॉलर 27 सेंट चुकते करून त्याला आपल्याकडे घेतले. रिव्हरसाइडसाठी पहिली तबकडी संपूर्णपणे ड्यूक एलिंग्टनच्या रचनांची आणि दुसरी, 1956 मधील, केवळ जुन्या लोकप्रिय गाण्यांची झाली. मुख्यतः स्वतःच्या रचनांच्या ‘ब्रिलियंट कॉर्नर्स’ या तबकडीची पाळी त्यानंतर आली. लोकांनी आधी या माणसाला ओळखीच्या चालींतून ऐकावे, असा निर्मात्यांचा हिशेब होता आणि बहुतेक जण त्याला तडजोड म्हणतात.

मला ती निव्वळ तडजोड वाटत नाही. मंक जुने गाणे वाजवताना जितके वाजवतो तितकेच गाळतो, आणि गाळलेला स्वर ऐकू यायचा असेल तर मूळ चाल श्रोत्याच्या कानात आधीपासून असावी लागते. माझ्या स्वतःच्या रचनेत मी काय गाळले हे माझ्याशिवाय कोणालाच कळणार नाही. म्हणून जेथे मला मोडतोड दाखवायची असते तेथे मी जुने गाणे घेतो, आणि जेथे हवी ती चाल कोणीच करून ठेवलेली नसते तेथेच स्वतःची रचना वाजवतो.

तबकडीवेडा

आपला युक्तिवाद 1956 च्या न्यूयॉर्कसाठी बिनतोड आहे, पुण्यासाठी नाही. मंकच्या त्या दुसऱ्या तबकडीवरचे ‘टी फॉर टू’ तेथील श्रोत्याच्या कानात लहानपणापासून होते. आपल्या श्रोत्यांपैकी किती जणांना ते ठाऊक असेल? ज्याने मूळ चाल कधी ऐकलीच नाही त्याला आपण गाळलेला स्वर कसा ऐकू येणार? त्याच्या दृष्टीने ते जुने गाणे आणि आपली कालची रचना दोन्ही सारख्याच अनोळखी आहेत. फरक इतकाच की एकीवर आपली सही आहे. ज्या कारणाने मंकने ती गाणी घेतली, त्याच कारणाने आपण ती सोडून द्यायला हवीत.

माहीमचा सॅक्स

तबकडीवेडा यांचा मुद्दा खरा असला तरी तो फक्त श्रोत्याचा विचार करतो. मंचावर आणखी दोघे असतात. 32 बारांचे (तालाच्या आवर्तनांसारख्या छोट्या भागांचे) जुने गाणे सर्वांना पाठ असल्यामुळे कालपर्यंत एकमेकांना न भेटलेले वादक सराव न करताही एकत्र वाजवू शकतात. ‘ब्रिलियंट कॉर्नर्स’ची शीर्षकरचना या साच्यात बसत नाही. सॅक्सोफोनवर सोनी रॉलिन्स आणि ड्रमवर मॅक्स रोच यांच्यासारखे वादक असूनही सुमारे पंचवीस प्रयत्नांत ती एकदाही सलग पूर्ण झाली नाही, आणि अखेर तुकडे जोडून तबकडी काढावी लागली. आमच्यासारख्यांनी एका रात्रीच्या मानधनात इतका सराव कोठून आणायचा?

मुंबईतही जुन्या गोवेकर वादकांनी ताजसारख्या हॉटेलांत परदेशी चाली वाजवल्या, त्या समोर नाचणारी माणसे होती म्हणून. सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस यांच्यासारख्यांनी रागांवर आधारलेल्या जॅझकडे वळायचे ठरवले ते पुष्कळ नंतर.

डावा हात

सराव परवडत नाही हे कारण प्रामाणिक आहे, पण ते कलेचे कारण नव्हे. ते घरभाड्याचे कारण आहे. (मीही ते देतो.) भाड्याचाच विचार करायचा तर उलट दिशेने करा. अमेरिकेत नेहमीच्या रेडिओवर गाणे लागले की पैसे रचनाकाराला मिळतात, वादकाला नाही. चालीवर स्वामित्वहक्क असतो, कॉर्डच्या (चालीखाली एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहांच्या) नुसत्या क्रमावर सहसा नसतो. म्हणूनच बीबॉप या 1940 च्या दशकातील जॅझशैलीच्या काळात जुन्या गाण्याच्या कॉर्ड तशाच ठेवून वर नवी चाल बसवण्याची पद्धत फोफावली. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करचे 1945 मधील ‘को-को’ हे ‘चेरोकी’ या जुन्या गाण्याच्या कॉर्डवर उभे आहे.

शिवाय ओळखीचीच चाल हवी असेल, तर भावगीत किंवा नाट्यपद घ्या. जॅझ पियानोवादक ब्रॅड मेलडाऊ रेडिओहेड या रॉक बँडची गाणी वाजवतो. आपल्याला कोणी अडवले आहे?

काळी पाच (धागालेखक)

तबकडीवेडा यांनी माझी दुखरी जागा बरोबर पकडली. माझा ‘ओळखीच्या चालीचा’ श्रोता पुण्यात मूठभरच आहे, हे मान्य करतो.

भावगीताचा प्रयत्न मी केला आहे. अडचण अशी की बहुतेक भावगीतांत चालीला स्वतःहून पुढे ढकलणारी कॉर्डची हालचाल नसते. ती मी नव्याने बसवली की गाणे माझेच होते आणि मोडतोडीसाठी मूळ काही उरत नाही. जुन्या अमेरिकी गाण्यात ती हालचालच अर्धे काम करते.

आपण स्वतःची आणि परकी असे दोन कप्पे करतो, तेही मंकच्या बाबतीत टिकत नाहीत. ‘जस्ट यू, जस्ट मी’ या जुन्या गाण्याच्या कॉर्डवर त्याने 1948 मध्ये ‘एव्हिडन्स’ ही रचना ध्वनिमुद्रित केली. नावही कोटीतून आले: ‘जस्ट यू, जस्ट मी’ म्हणजे ‘जस्ट अस’, त्याचे झाले ‘जस्टिस’, आणि न्याय म्हटला की पुरावा आलाच. नंतर 1956 मध्ये त्याने तेच जुने गाणे मूळ नावाने वाजवले. आणि ज्या तबकडीवर त्याला मोकळीक मिळाली असे आपण म्हणतो, त्या ‘ब्रिलियंट कॉर्नर्स’वरच्या पाच रचनांपैकी चार त्याच्या असल्या, तरी पाचवे 1931 चे एक प्रेमगीत आहे आणि ते तो एकट्याने वाजवतो. तेथे साथीदारांच्या सोयीचा प्रश्नच नव्हता.

तबकडीवेडा

ते प्रेमगीत मलाही आवडते. तरीही एक विचारतो. सॅक्सोफोनवादक डेक्स्टर गॉर्डन संथ गाणे वाजवण्यापूर्वी त्याचे शब्द श्रोत्यांना म्हणून दाखवत असे. आपण निवडलेल्या जुन्या गाण्यांपैकी किती गाण्यांचे शब्द आपल्याला पाठ आहेत?

काळी पाच (धागालेखक)

आम्ही सध्या सात जुनी गाणी वाजवतो. आत्ता बसून आठवून पाहिले: तीन पूर्ण पाठ आहेत, दोन निम्मी. उरलेली दोन मी केवळ कॉर्डसाठी वाजवत होतो. पुढच्या कार्यक्रमातून ती काढली आहेत आणि त्यांच्याच कॉर्डवर नवी चाल बसवायला घेतली आहे.