मदत हवी आहे: दुकानातनं घरच्या व्हीपीएनवर फाईल उघडायला पाच-पाच मिनिटं लागायलीत

नमस्कार मंडळी, जरा अडलंय म्हणून विचारतोय, लांबलंय पण पूर्ण वाचा.

आमचं कोल्हापुरात शाहूपुरीत छपाईचं छोटं दुकान आहे, लग्नपत्रिका, बिलबुकं, हँडबिलं. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात दुकानात छातीएवढं पाणी आलं, कॉम्प्युटर, यूपीएस सगळं गेलं, पाणी उतरल्यावर कॅबिनेट उघडलं तर आत बोटभर गाळ, आणि वडिलांनी पंधरा वर्षं जपलेल्या डिझाईनच्या फाईली त्या हार्डडिस्कवर होत्या. २०२१ ला परत तेच. तेव्हापासून ठरवलं की डेटा दुकानात ठेवायचाच नाही. आता सगळ्या फाईली राजारामपुरीत घरी दुसऱ्या मजल्यावरच्या पीसीत असतात आणि मी दुकानातनं व्हीपीएन (इंटरनेटवरनं घरच्या नेटवर्कपर्यंतचा कुलूपबंद बोगदा) लावून उघडतो. (देश बदलून पिक्चर बघायचं विकतचं व्हीपीएन नव्हे, आपलं स्वतःचं.)

सेटअप असा: घरी रास्पबेरी पाय थ्री बी (तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर) वर ओपनव्हीपीएन हे व्हीपीएनचं सॉफ्टवेअर, टीसीपी (डेटाच्या प्रत्येक तुकड्याची पोच घेणारी पद्धत) पोर्ट ४४३ वर. घरी आणि दुकानात दोन्हीकडं १०० एमबीपीएसचं फायबर, घरी स्टॅटिक आयपी (न बदलणारा इंटरनेट पत्ता) घेतलाय. दोन्हीकडं साधी स्पीडटेस्ट ९० च्या वर दाखवते, अपलोडसुद्धा. पण व्हीपीएनमधनं फाईल ओढली की ८-९ एमबीपीएसच्या वर जातच नाही. कोरल या डिझाईन सॉफ्टवेअरची ३०० एमबीची फाईल यायला साडेचार मिनिटं. परवा एक मावशी मुलीच्या पत्रिकेत व्याह्यांचं आडनाव चुकलंय म्हणून आल्या, प्रूफवर बोट ठेवून समोर उभ्या, आणि मी नुसता ती हिरवी पट्टी सरकायची वाट बघत बसलोय. लग्न आठ दिवसांवर, त्यांचा जीव टांगणीला, मला फार वाईट वाटलं.

राउटर रिस्टार्ट केला, डीएनएस बदलला, काही फरक नाही. नवीन पाय घ्यायला लागेल का? का प्लॅन २०० चा करू?

प्रतिसाद १

भावा, प्लॅनला हात लावू नकोस, पैसे वाया जातील. लाईन ९० देतीय म्हणजे अडतंय ते आत कुठंतरी. पाय वायफायवर आहे का केबलवर, ते आधी सांग. वायफायवर असला तर प्रत्येक पॅकेट (डेटाचा तुकडा) राउटरकडनं पायकडं हवेतनं येणार आणि पीसीकडं जायला परत त्याच हवेतनं बाहेर पडणार. थ्री बी ला फक्त २.४ गिगाहर्ट्झ आहे, अपार्टमेंटमध्ये तो बँड आधीच भरलेला असतो.

दुसरं, टीसीपी कशाला? फाईल शेअरिंग स्वतः टीसीपीवर चालतंय, त्यावर परत टीसीपीचा बोगदा घातला की एक पॅकेट हरवलं तरी दोन्ही थर आपापल्या परीनं ते परत मागत बसतात आणि सगळं तुंबतं. ४४३ टीसीपी हा जिथं बाकीचे पोर्ट बंद असतात तिथला उपाय आहे, तुझ्या दोन्ही लाईन घरच्याच. यूडीपी कर, ते पोच मागत बसत नाही. खरं तर वायरगार्ड या दुसऱ्या व्हीपीएन सॉफ्टवेअरवरच जा. ओपनव्हीपीएन बहुतेकदा एईएस नावाचं एन्क्रिप्शन (डेटा कुलूपबंद करायची पद्धत) वापरतं आणि थ्री बी च्या चिपमध्ये एईएसचं हार्डवेअर नाही, सगळा भार एका कोअरवर पडतो. वायरगार्डचं चाचा-ट्वेंटी एन्क्रिप्शन असल्या चिपला हलकं जातं, शिवाय २०२० पासून वायरगार्ड लिनक्स कर्नलमध्येच (पाय ज्यावर चालतो त्या सिस्टीमच्या गाभ्यात) आहे.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. वायरगार्ड लावलंत तर एमटीयू (एका पॅकेटचा जास्तीत जास्त आकार, बाईटमध्ये) बघा. वायरगार्ड प्रत्येक पॅकेटला आयपीव्ही४ (इंटरनेट पत्त्यांची जुनी पद्धत) वर ६० आणि आयपीव्ही६ (नवी पद्धत) वर ८० बाईट जोडतं. पीपीपीओई लाईनवर (युजरनेम-पासवर्डनं जोडणारं कनेक्शन) मर्यादा १४९२, त्यातनं ८० वजा करून १४१२ ठेवलंत की दोन्ही पद्धतींवर चालेल. आणि फाईल शेअरवरनं थेट कोरलमध्ये उघडू नका, आधी दुकानातल्या पीसीवर कॉपी करा, काम झालं की परत टाका. थेट उघडली तर सॉफ्टवेअर सारखं मागं-पुढं बारीक-बारीक वाचत राहतं.

मूळ लेखक

दोघांचेही मनापासून आभार. पाय वायफायवरच होता, बेडरूमच्या माळ्यावर, राउटर हॉलमध्ये आणि मध्ये दोन भिंती. रविवारी केबल ओढली, नुसत्या तेवढ्यानं ९ चे २२ झाले. मग वायरगार्ड टाकलं, ५१८२० पोर्ट उघडला. सुरवातीला एका व्हिडिओत बघून एमटीयू १५०० ठेवलेला, तर छोट्या पीडीएफ यायच्या आणि मोठी फाईल मध्येच थांबून बसायची, मला वाटलं परत काहीतरी बिघडलं. १४१२ केल्यावर सुटलं. आता ६० च्या आसपास मिळतंय, तीच ३०० एमबीची फाईल चाळीस सेकंदात. नवीन पाय नको, प्लॅन पण नको.

कॉपी करून उघडायचं वडिलांनाही दाखवलं. एका कागदावर तीन ओळीत लिहून मॉनिटरला चिकटवलंय, काम झाल्यावर फाईल परत घरी टाकायची ही ओळ लाल पेननं. ओपनव्हीपीएन बंद केलं आणि राउटरमधला ४४३ चा जुना पोर्टपण काढून टाकला.